डॉक्टरांच्या डिस्कचं दुखणं

गाडीत गाणी वाजवणाऱ्या डेकच्या त्या अरुंद फटीत माणसं काय काय कोंबतात, ते वहिनींना विचारावं. बावीस वर्षांत त्यांनी तिथून नाणी काढली, बसचा पास काढला, अर्धं बिस्कीट काढलं आणि एकाचं तर चक्क ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. हे आत कसं गेलं, असं विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, "बसतंय का बघत होतो." बसलं होतं. आणखी एकाने नवी कोरी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीसकट आत ढकलली होती, का, तर ओरखडे पडू नयेत. वहिनींनी ती पिशवी चिमट्याने हळूहळू ओढून काढली आणि त्याच्या हातात देत म्हणाल्या, "उद्या सूपही पिशवीसकट प्या. जीभ भाजणार नाही."

वहिनींचं खरं नाव गॅरेजात कोणी घेत नसे. गॅरेज सासऱ्यांचं. नवरा तिथे गाड्यांना रंग मारायचा. त्याच्या हाताखालच्या माणसांनी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हटलं, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग समोरचा पंक्चरवाला, जो वयाने त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता. गावभर 'डेकवाल्या वहिनी' म्हणून त्या ओळखल्या जात. आपण इतक्या लोकांच्या वहिनी असूनही एकही दीर धड बिल वेळेवर देत नाही, अशी त्यांची तक्रार असे, पण ती त्या हसत करत.

लग्नाआधी त्या रेडिओच्या कारखान्यात होत्या. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या हिरव्या पाट्यांवर दिवसभर सोल्डरचे ठिपके द्यायचे, एवढंच काम. पण कोणता ठिपका सुटला तर काय मुकं होतं, हे त्या बघून बघून शिकल्या. सासरी आल्या तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "गाडी म्हणजे इंजिन. बाकी सगळा पत्रा." नवऱ्याने यावर काही म्हटलं नाही. तो रंग मारताना दिवसभर तोंडाला मास्क लावायचा, आणि संध्याकाळी मास्क काढला तरी विशेष फरक पडत नसे.

मग एक दिवस एक गिऱ्हाईक परत आलं. पुढचा मडगार्ड ठोकून घेतल्यापासून गाडीच्या रेडिओवर नुसती खरखर येत होती. सासरे म्हणाले, "रेडिओ स्टेशनच बिघडलं असेल." वहिनी जेवणाचा डबा द्यायला आल्या होत्या. डबा बोनेटवर ठेवून त्यांनी एरियलच्या दांडीपासून वायर हाताने चाचपत नेली. मडगार्डच्या आत वायर तुटलेली होती, आणि तुटलेली दोन्ही टोकं कोणीतरी नीट आत खुपसून वर पत्रा बसवला होता. दहा मिनिटांत वहिनींनी ती जोडली. बातम्या खणखणीत सुरू झाल्या.

"वायर कापली कोणी?" गिऱ्हाइकाने विचारलं.

सासरे पान्याकडे बघत उभे होते.

"उंदराने," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी टायर ठेवायची खोली रिकामी करून दिली. फक्त जाताना म्हणाले, "खिडकी उघडी ठेव, रबराचा वास जायला वेळ लागतो." तो वास पुढे कधीच गेला नाही, पण त्या खोलीत एक टेबल आलं, सोल्डरची बंदूक आली, भिंगाचा दिवा आला आणि वहिनींचं राज्य सुरू झालं.

राज्य चालवताना त्यांची माणसांबद्दलची मतंही पक्की होत गेली. डिस्क ऐकणारी माणसं हट्टी असतात, पहिलं गाणं ते शेवटचं गाणं, मध्ये कोणी बोललं की चेहरा पडतो. रेडिओवाले एकूण समाधानी, जे येईल ते घेतात, जाहिरातसुद्धा. आणि फोन जोडून गाणी लावणारे? त्यांच्या आयुष्यात कुठलंच गाणं पुरं झालेलं नसतं. अर्ध्या मिनिटात पुढचं, अर्ध्या मिनिटात त्याच्या पुढचं. "यांची लग्नं टिकतात कशी?" असं त्या नवऱ्याला एकदा विचारत होत्या. नवऱ्याने मास्क लावला.

एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. ते आता निवृत्त झाले होते, पण गावातल्या अर्ध्या जबड्यांना त्यांचे हात लागलेले होते. वहिनींच्याही. डॉक्टरांचा हात हलका होता, याबद्दल दुमत नव्हतं. अडचण गळ्याची होती. डॉक्टर काम करताना गायचे. स्वतः रचलेलं, स्वतः चाल लावलेलं. पेशंट तोंडात नळी, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं घेऊन आडवा पडलेला. त्याने काय म्हणायचं? तो "आं आं" करायचा, आणि डॉक्टरांना वाटायचं दाद मिळतेय. अशी चौतीस वर्षं दाद मिळाल्यावर निवृत्तीनंतर माणसाने रेकॉर्डिंग स्टुडिओ गाठला, तर त्यात त्याचा काय दोष? डॉक्टरांनी बारा गाण्यांची डिस्क काढली होती. तिच्या शंभर प्रती केल्या होत्या. त्यातल्या चौऱ्याण्णव अजून घरी होत्या.

"वहिनी, डिस्क अडकली आहे," डॉक्टर म्हणाले. "आत जाऊन बसली आहे आणि बाहेर यायला तयार नाही. अक्कलदाढेसारखी."

"वाजते का?"

"नुसतं कुरकुर करते."

वहिनींनी दोन बारीक पट्ट्या डेकच्या दोन्ही कडांना सरकवल्या, खुट्ट आवाज झाला आणि अख्खा डेक ओढून बाहेर घेतला. मागच्या वायरी सोडवल्या, टेबलावर आणून वरचं झाकण उघडलं. भिंग खाली घेतलं. आणि त्या थांबल्या.

डेकच्या तोंडाशी, डिस्क खेचून घेणाऱ्या रबरी रुळांच्या मधोमध, एक गुलाबी गोळा बसला होता. वाळलेला, रबरासारखा. वहिनींनी टोचणीने एक तुकडा उकरला आणि नाकाशी नेला. पुदिन्याचा वास. आणि एकदम त्यांना खुर्ची आठवली, वरचा दिवा आठवला, पोलादी ताटली तोंडात कोंबून "दोन मिनिटं हलू नका" म्हणणारा आवाज आठवला. कवळीसाठी जबड्याचं माप घेतात तो मसाला होता हा. पाण्यात कालवायचा, दोन मिनिटांत घट्ट होतो. गोळ्यावर एक बोटाचा ठसासुद्धा छान उमटलेला होता. बारीक बोट होतं.

डॉक्टरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं मसाला कालवून देणारी असिस्टंट कोण होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. डॉक्टरीणबाई.

"काय आहे?" बाहेरून डॉक्टरांनी विचारलं.

"कचरा," वहिनी म्हणाल्या, आणि गोळा मुठीत घेऊन खिशात टाकला.

त्यांनी अडकलेली डिस्क बाहेर काढली, रूळ स्पिरिटने पुसले, एक झिजला होता तो बदलला, डेकच्या आतल्या भिंगावरची धूळ कापसाने टिपली. डेक परत बसवला. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने डिस्क सरकवली. डेकने ती अलगद आत ओढून घेतली. मग डॉक्टरांचा आवाज गॅरेजात शिरला.

आवाज वाईट नव्हता असं म्हणता आलं असतं, तर वहिनींना आनंद झाला असता. तो पातळ होता, वर जाताना चिरायचा, आणि चिरला की डॉक्टर तो तसाच लांबवत न्यायचे, जणू हेच करायचं होतं. शब्द नदीकाठाबद्दल होते. पलीकडे सासऱ्यांनी हातातलं सगळं टाकून हवेचा कॉम्प्रेसर सुरू केला. हवा कुठल्याच गाडीत भरायची नव्हती.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "वहिनी, तुमचे हात सोन्याचे आहेत."

ते गेले आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला डॉक्टरीणबाई पायी आल्या. बारीक अंगाच्या, ताठ, केस कापलेले. टायरच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.

"तुम्ही काढलंत ते?"

वहिनींनी टेबलाचा खण उघडला आणि गोळा समोर ठेवला.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "त्यांना दाखवलंत?"

"नाही."

"बरं केलंत." त्यांनी गोळा उचलून बघितला. "कसलं बसलं होतं हो छान. तुम्ही कशाला काढलंत?"

"माझं कामच आहे ते."

"अहो, चौतीस वर्षं मी ऐकलं. खुर्चीशेजारी उभं राहून. पेशंटच्या तोंडात काहीतरी असायचं, मला कानात घालायलासुद्धा काही नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. आता गाडीत! किराणा आणायला जायचं, नदीकाठ. बहिणीकडे जायचं, नदीकाठ. माहेरी जायला चार तास लागतात, वहिनी. बारा गाणी चार तासांत पाच वेळा होतात. मी मोजलंय." त्या जरा पुढे झुकल्या. "बिघडवून द्या. कायमचा. मी सांगेन, वय झालं म्हणून गेला."

"चालणारी वस्तू मी बिघडवत नाही," वहिनी म्हणाल्या. तेवढंच म्हणून त्यांना थांबता आलं असतं. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. "डेकला हात न लावता एक करता येईल. तुमचा फोन द्या."

गाडीपुरतं बोलायचं तर त्यांनी जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. डेकला फोन जोडून ठेवता येतो, वायरीशिवाय. एकदा ओळख करून दिली की पुढच्या वेळी तुम्ही गाडीत बसलात, की डेक स्वतःच फोन ओळखतो. आणि एकदा फोन जोडलेला असला, की कॉल आला रे आला, डिस्क गप्प. रेडिओ गप्प. डेकला फोनपुढे सगळे सारखे. कॉल संपला की डिस्क पुन्हा जिथे थांबली तिथून सुरू.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बहिणीने दर तीन मिनिटांनी फोन केला तर?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"आणि मी रेडिओ लावला तर?"

"बटण आहे ना. दाबा. डिस्क बंद, रेडिओ सुरू. मात्र तेवढं त्यांच्यासमोर करावं लागेल."

"तेही करीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाताना त्यांनी वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला. गोळा पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी डॉक्टर हजर. "वहिनी, डेकमध्ये काहीतरी राहिलंय. गाणं सुरू होतं, तिसऱ्या कडव्याशी येतं, की फोन! मेव्हणीचा. दर वेळी तिसऱ्या कडव्याशीच. मेव्हणी विचारते काय, तर आज भाजी कोणती केली. पुन्हा गाणं, पुन्हा मेव्हणी, कांदे कसे मिळाले."

वहिनींनी खोट्या गांभीर्याने डेक उघडला, दोन स्क्रू फिरवले आणि बंद केला. पुन्हा चार दिवसांनी डॉक्टर आले. पुन्हा आठवड्याने. तिसऱ्या वेळी सासरे कपड्याला हात पुसत खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय गं, एक डेक तीनदा? माझ्या हातचं इंजिन परत आलेलं कोणी बघितलंय?"

"दुखणं डेकचं नाही, मामंजी."

"मग कोणाचं?"

आता हे कसं सांगणार? सांगितलं तर डॉक्टरीणबाई तोंडघशी पडतात. न सांगितलं तर स्वतःचं नाव जातं. वहिनींनी सोल्डरची बंदूक स्पंजवर इतक्या जोरात टेकवली की चर्र झालं. त्यांना राग आला होता तो सासऱ्यांचा नव्हता. बिनचूक केलेलं काम चुकलं म्हणून लोकांसमोर मिरवायला लागत होतं, त्याचा होता. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बराच वेळ विचार करून म्हणाला, "कठीण आहे." त्याच्या मानाने हे भाषण होतं.

चौथ्यांदा डॉक्टर आले ते वेगळीच मागणी घेऊन. "डिस्क सोडा," ते म्हणाले. "ही हल्ली बसल्याबसल्या रेडिओ लावते. तिला रेडिओ आवडतो. तर माझं गाणं रेडिओवर लागेल असं काही करता येतं का?"

"स्टेशनवाल्यांना पाठवा."

"पाठवलं. त्यांनी परत पाठवलं."

वहिनी हसू दाबत होत्या. पण डॉक्टर हसत नव्हते. टोपी काढून, गुडघ्यावर ठेवून, समोरच्या स्टुलावर ते एखाद्या पेशंटसारखे बसले होते. वहिनींना त्यांची कीव आली. शिवाय, खरं सांगायचं तर, या माणसाचं येणं बंद व्हावं असं त्यांना फार वाटत होतं.

"एक यंत्र मिळतं," त्या म्हणाल्या. "काडेपेटीएवढं. त्यात पेन ड्राइव्ह घालायचा. ते तुमची गाणी रेडिओच्या एका आकड्यावर सोडतं. म्हणजे समजा, गाडीपुरतं स्टेशन. रेडिओ त्या आकड्यावर असला की तुमचंच ऐकू येणार. दोनचार गाड्यांच्या लांबीपर्यंत जातं, पुढे नाही."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. "हिच्या आवडत्या स्टेशनच्या आकड्यावर लावता येईल?"

"येईल."

"दिसणार नाही असं?"

वहिनींनी डॅशबोर्डकडे बघितलं. मग म्हणाल्या, "डॅशबोर्डच्या मागे घालता येईल. किल्ली फिरवली की सुरू." हे बोलतानाच आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं. पण वायर कुठून न्यायची, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आधीच आलं होतं, आणि एकदा ते आलं की वहिनींचे हात कोणाचं ऐकत नसत. दुपारपर्यंत त्यांनी काम संपवलं. इतकं सफाईदार, की स्वतःलाच शोधायला वेळ लागला असता.

त्यानंतर पाच दिवस शांततेत गेले. सहाव्या दिवशी, वहिनी एका टॅक्सीच्या दारातला स्पीकर बदलत असताना, डॉक्टरांची गाडी कर्कश ब्रेक मारून गॅरेजात घुसली. डॉक्टरीणबाई चालवत होत्या. शेजारी डॉक्टर होते, दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून.

"कुठे आहे ते?" डॉक्टरीणबाई उतरताच म्हणाल्या.

"काय?" वहिनींनी विचारलं, आणि स्क्रू ड्रायव्हर हातातून सुटून टॅक्सीच्या दारात पडला.

"ते रेडिओ स्टेशन!"

मग जे कळलं ते असं. पाच दिवसांत गाडी बाहेर निघालीच नव्हती, ती काल निघाली, डॉक्टरीणबाई एकट्याच बहिणीकडे जायला. रेडिओ लावला. आणि रेडिओवर डॉक्टर. खुद्द. नदीकाठ. बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून तिथेच बसून राहिल्या. त्यांना वाटलं, घेतलं. यांचं गाणं घेतलं स्टेशनने! न सांगता पाठवलं असणार, आणि त्यांनी लावलं. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मग दुसरं लागलं, तेही ऐकलं. मग बहिणीला फोन केला, "अगं, रेडिओ लाव! हे लागलेत!" बहिणीने स्वयंपाकघरातला रेडिओ लावला. तिथे गाद्यांची जाहिरात चालू होती.

"गाद्यांची!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, नीट आकडा लाव. ती म्हणाली, आकडा तोच आहे, गादीवर उशी फुकट आहे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्यांना मी आधीच फोन केले होते, माहितेय? तीन घरांना!"

गॅरेज थबकलं होतं. नवऱ्याने मास्क खाली ओढला होता. सासरे एका गाडीखाली होते, ते फळीसकट सरकत बाहेर आले आणि आडवेच राहिले, म्हणजे नीट ऐकू येईल.

"वहिनींचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "मीच सांगितलं."

"त्यांचा कसा नाही? त्या दोन्हीकडून आहेत. मला फोनची युक्ती यांनीच शिकवली!"

डॉक्टरांनी वहिनींकडे बघितलं. "मेव्हणी?"

वहिनींनी मान हलवली. गॅरेजच्या जमिनीत जाण्यासाठी एखादं तेलाचं भोक असतं तर त्या गेल्या असत्या.

"आणि ऐका," डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडून गुलाबी गोळा बोनेटवर आपटला. तो रबरी असल्यामुळे एकदा उडाला. "आता निघालंच आहे तर सगळंच निघू द्या. डिस्क आपोआप अडकली नव्हती. हे मी घातलं होतं."

डॉक्टरांनी गोळा उचलला. प्रकाशात धरला. अंगठ्याने दाबला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अगं, गाडीत हीटर लावला की डेकमधून पुदिना यायचा. चौतीस वर्षं मी त्या वासात काढली. मला कळणार नाही? आणि हे बघ." त्यांनी गोळा बायकोसमोर धरला. "चिरा पडल्यात. तू नेहमी पाणी जास्त घालतेस. सांगून सांगून थकलो."

"मी पाणी जास्त घालत नाही!"

"घालतेस."

"तुम्ही माप चुकीचं सांगायचात!"

आणि तिथे, अर्ध्या उघडलेल्या टॅक्सीच्या शेजारी, दोघं चौतीस वर्षांपूर्वीच्या एका कवळीवर आले. त्या कवळीच्या मालकाचं काय झालं, तो कोणाच्या चुकीमुळे तीनदा परत आला, यावर मुद्देसूद चर्चा झाली. वहिनींना मधे बोलायला जागाच मिळेना. सासऱ्यांनी आडव्याआडव्या कोणाला तरी चहा सांगितला.

चहा आला तेव्हा डॉक्टरीणबाई दमल्या होत्या. त्या रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या.

"दुसरं गाणं," त्या कपाकडे बघत म्हणाल्या.

"कुठलं दुसरं?" डॉक्टर म्हणाले.

"काल दुसरं लागलं ते. जिना आणि दिवा आहे त्यात. ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. तिसऱ्या कडव्याला नेहमी तुमचा दम लागतो, तो याच्यातही लागतो. पण..." त्यांनी चहाचा घोट घेतला. "रेडिओवर बरं वाटलं."

आयुष्यभर दाद समजून "आं आं" ऐकलेल्या माणसाला खरी दाद मिळाल्यावर काय करायचं ते माहीत नसावं. त्यांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

वहिनींना वाटलं, आता आपण काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर दोघं इथेच रडायला लागतील आणि टॅक्सीवाला दुपारी येणार आहे. "चला," त्या दरडावून म्हणाल्या. "दोघं गाडीत बसा. पुढे. डॉक्टर, तुम्ही इकडे. बाई, तुम्ही तिकडे. आता मी एकदाच सांगणार आहे, दोघांसमोर. यापुढे एकट्याने कोणी आलं तर दार उघडणार नाही."

त्या मागच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी अख्खा डेक समजावून सांगितला. डिस्क कुठून आत जाते, कुठलं बटण दाबलं की बाहेर येते, आणि तिथे डिस्कशिवाय दुसरं काहीही घालायचं नाही. फोन किती जोडता येतात, आणि मेव्हणीचा फोन आला तर 'नंतर करते' हे बटण कुठे आहे. रेडिओची स्टेशनं सहा बटणांवर कशी साठवायची. शेवटी त्यांनी डॅशबोर्डमागे हात घालून यंत्राची वायर चाचपली. "हे काढू का?"

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आकडा तेवढा बदला. माझं स्टेशन मला परत द्या. यांना दुसरा कुठलातरी रिकामा आकडा द्या, सहाव्या बटणावर. मला वाटलं तर मी लावीन."

"दिवसातून एकदा तरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला वाटलं तर, म्हटलं ना."

गाडी गेल्यावर सासरे उठले, पाठीवरची धूळ झटकली आणि वहिनींकडे बघून म्हणाले, "इंजिन कधी एवढं बोलत नाही." एवढं म्हणून ते गाडीखाली परत गेले. वहिनींनी त्याचा अर्थ काय लावायचा तो लावला, आणि टॅक्सीच्या दारात हात घालून स्क्रू ड्रायव्हर शोधू लागल्या.

पुढे डॉक्टरांचं जोडपं कधीमधी यायचं, पण दोघं मिळून, आणि बहुतेक वेळा निमित्त फुटकळ असायचं. सहावं बटण आठवड्यातून दोनदा दाबलं जातं, असं डॉक्टर सांगत. डॉक्टरीणबाई म्हणत, एकदा.

मग दीडेक महिन्याने एक टॅक्सीवाला गॅरेजात आला. चेहरा असा, की गाडीत भूत बघितलंय.

"वहिनी, माझ्या रेडिओत कोणीतरी शिरलंय."

"कोण?"

"म्हातारा आहे कोणीतरी. गातो. दर वेळी नाही, मोठ्या चौकातल्या सिग्नलला. परवा एकदा, आज पुन्हा. सिग्नल सुटला की गायब. दोन्ही वेळेला मी आकडा फिरवत होतो, तेव्हा सापडला."

वहिनींनी फडकं तोंडावर धरून घाम पुसल्यासारखं केलं. "पुढे कुठली गाडी होती?"

"कोण लक्ष देतं? पांढरी असेल. रेडिओ बिघडलाय का?"

"रेडिओ ठणठणीत आहे. गाणं कसं होतं?"

टॅक्सीवाल्याने विचार केला. "आवाज चिरका आहे. पण जिन्यावर कोणीतरी दिवा घेऊन उभं आहे, असं काहीतरी होतं. आणि तेवढ्यात मागच्याने हॉर्न वाजवला. शेवट राहिला ऐकायचा." तो जरा खजील झाला. "त्या जिन्यावर कोण असतं हो?"

वहिनींना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला बिनपैशाचं परत पाठवलं आणि डॉक्टरांच्या घरी फोन लावला. उचलला डॉक्टरीणबाईंनी. वहिनींनी सगळं सांगितलं, चौक, सिग्नल, टॅक्सीवाला, शेवट ऐकायचा राहिला तेही.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला माझी शपथ आहे. यांना यातलं अक्षर सांगू नका. अजून एक डिस्क काढतील."